मोडलेली जहाजे आणि छातीतली धूळ

मागील वर्षी पावसाळा सरता सरता ७४ वर्षांचे एक गृहस्थ आपल्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. खरे तर नातच त्यांना घेऊन आली होती. माझा दवाखाना मुंबईत घोडपदेव परिसरात आहे आणि हे गृहस्थ गेली बारा वर्षे माझे रुग्ण आहेत. जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो, थंडीत त्रास वाढतो, अशी त्यांची जुनी तक्रार. पूर्वी विडीचे व्यसन होते, ते सुटून पंधरा वर्षे झाली. विडीमुळे आलेला श्वासनलिकांचा जुनाट विकार, असे निदान करून मी त्यांना ओढायचा पंप आणि लागेल तशी औषधे देत आलो होतो. माझ्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी त्यांना क्षयाची औषधेही सहा महिने देण्यात आली होती. थुंकीत क्षयाचे जंतू कधी सापडले नव्हते.

त्या दिवशी नातीने सरळ प्रश्न केला, "डॉक्टर, आजोबांना दमा असेल, तर पंप घेतल्यावर त्यांना बरं का वाटत नाही?"

वाचकहो, रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाचा प्रश्न डॉक्टरने कधीही उडवून लावू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून तपासले. बोटांची टोके फुगीर आणि नखे घुमटाकार झाली होती. पाठीवर, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी नळी ठेवली, तेव्हा प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक चरचर ऐकू येत होती. चपलेची वेल्क्रोची पट्टी सावकाश उघडताना होतो, तसा तो आवाज. दम्यात ऐकू येते ती शीळ नव्हती. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बसून असताना ९४ टक्के होते, दवाखान्यासमोरच्या गल्लीत चार फेऱ्या मारल्यावर ते ८६ वर आले.

मी त्यांचा जुना केसपेपर काढला. 'व्यवसाय' या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द लिहिलेला होता : सेवानिवृत्त.

"काका, सोसायटीत वॉचमन होण्यापूर्वी तुम्ही काय करत होता?" मी विचारले. बारा वर्षांत प्रथमच.

"दारूखान्यात होतो, डॉक्टर. बोटी तोडायला. पंधरा वर्षं."

रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने सन १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथात बजावून ठेवले आहे. तीनशे वर्षांनंतरही माझ्यासारखे डॉक्टर त्या रकान्यात 'सेवानिवृत्त' असे लिहून मोकळे होतात. सेवानिवृत्ती हा व्यवसाय नव्हे. शरीर ज्या कामातून गेले, ते काम शरीराच्या लक्षात राहते.

बोटीचे मरण

मुंबईकर वाचकांना रे रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेला दारूखाना ठाऊक असेल. एके काळी तेथे तोफांच्या दारूचे कोठार होते, म्हणून हे नाव. पुढे तेथे लोखंडाचा आणि भंगाराचा बाजार वसला. भरतीच्या पाण्याबरोबर जुनी जहाजे धक्क्यालगतच्या चिखलात आणून रुतवायची आणि तोडायची, हा उद्योग तेथे कित्येक दशके चालत आला. पाकिस्तानबरोबरच्या १९७१ च्या युद्धात कामगिरी बजावणारी आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' हिचा शेवटही येथेच झाला. १९९७ मध्ये ती नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली. आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांचा हात धरून ती पाहिली असेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केल्यावर ती दारूखान्यात तोडण्यात आली. तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकलही पुढे बाजारात आली. त्या वेळी वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ लेख आले आणि ती हळहळ रास्तच होती. ती तोडणाऱ्या माणसांच्या छातीविषयी मात्र काही वाचल्याचे मला आठवत नाही.

मोठ्या जहाजांना दारूखाना पुरत नाही. ती जातात गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील अलंगला. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर सुमारे दहा मीटरपर्यंत जाते, किनारा उतरता आणि लांबच लांब आहे. मोठ्या भरतीच्या दिवशी कप्तान जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालतो, पाणी ओसरले की तीन-चारशे मीटर लांबीचे ते धूड चिखलात उघडे पडते. १९८३ मध्ये येथे हा उद्योग सुरू झाला. जगातील सर्वांत लांब जहाज म्हणून ओळखले गेलेले, ४५८ मीटर लांबीचे तेलवाहू जहाज २०१० मध्ये येथेच तोडले गेले. बांगलादेशात चट्टग्रामजवळ सीताकुंडाच्या किनाऱ्यावर आणि पाकिस्तानात कराचीच्या पश्चिमेस गडानी येथेही हीच पद्धत आहे. जगातील मोडीत निघणाऱ्या जहाजांच्या एकूण वजनाचा फार मोठा वाटा या तीन देशांच्या किनाऱ्यांवर येतो.

असे का, याचे उत्तर कोणत्याही किराणा दुकानदाराला समजेल असे आहे. युरोपात जहाज तोडायचे तर मालकाला पदरचे पैसे घालावे लागतात किंवा हाती फार थोडे लागते. आपल्याकडे त्याच लोखंडाला चांगला भाव मिळतो, मजूर स्वस्त मिळतो आणि धुळीचा हिशेब कोणी मागत नाही. मधला दलाल जहाज रोखीने विकत घेतो, शेवटच्या प्रवासापुरता त्यावर एखाद्या चिमुकल्या बेटवजा देशाचा ध्वज चढवतो आणि मूळ मालकाचे नाव कागदावरून पुसले जाते. फ्रान्सची 'क्लेमान्सो' ही युद्धनौका अलंगच्या वाटेवर होती, तेव्हा तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून इतका गदारोळ झाला, की फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलावले. शेवटी ती इंग्लंडमध्ये तोडण्यात आली. अशी परत गेलेली जहाजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्याच वर्षी आलेल्या 'ब्लू लेडी' या जुन्या प्रवासी जहाजात ॲस्बेस्टॉस असल्याचे ठाऊक असूनही २००७ मध्ये तिच्या तोडणीला परवानगी मिळाली.

जहाजाच्या पोटात काय असते

काकांनी सांगितलेले वर्णन मी येथे माझ्या शब्दांत देतो. ते गॅस कटरच्या हाताखाली मदतनीस होते. कटरने पत्रा कापण्यापूर्वी त्यावरचे आवरण उतरवून जागा साफ करून देणे, हे त्यांचे काम. इंजिनघरातील वाफेच्या नळ्या, बॉयलर, धुराडे यांभोवती पांढऱ्या, कापसासारख्या पदार्थाची जाड गुंडाळी असे. ती कोयत्याने फाडायची, हाताने ओढून काढायची आणि पोत्यांत भरायची. उन्हाची तिरीप आत आली, की हवेत चांदीसारखे कण चमकताना दिसत. तोंडाला रुमाल बांधलेला असे. दुपारची भाकरी त्याच जागी, त्याच हातांनी.

तो पांढरा पदार्थ म्हणजे ॲस्बेस्टॉस. हे एक तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, गंजत नाही, उष्णता अडवते, म्हणून विसाव्या शतकात जहाजबांधणीत त्याचा मुक्तहस्ते वापर झाला. त्याचे तंतू केसाहून कितीतरी पटींनी बारीक असतात. साध्या रुमालाने ते अडत नाहीत आणि थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे पहाऱ्यावर असलेल्या पेशी त्यांना गिळून नष्ट करू पाहतात. परंतु तंतू पेशीहून लांब असतो, तिला तो गिळता येत नाही आणि पचवताही येत नाही. पेशी मरते, तंतू तसाच राहतो, दुसरी पेशी येते. ही झटापट वर्षानुवर्षे चालते आणि तिच्या जागी वण तयार होत जातात. मऊ स्पंज हळूहळू वाळलेल्या तोंडल्यासारखा निबर व्हावा, तसे फुप्फुस होते. यालाच ॲस्बेस्टोसिस म्हणतात. फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे चट्टे उमटतात. फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. शिवाय मेसोथेलिओमा नावाचा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा एक दुर्धर कर्करोग आहे, तो बहुतांशी ॲस्बेस्टॉसमुळेच होतो.

यातील सर्वांत फसवी बाब म्हणजे काळ. धूळ छातीत गेल्यावर त्रास जाणवू लागेपर्यंत सहसा वीस ते चाळीस वर्षे जातात, कधी त्याहूनही अधिक. विशीतील तरुण खाकरतो, थुंकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. आजार उगवतो तो सत्तरीत, जेव्हा मुकादम हयात नसतो, कंपनीचे नाव बदललेले असते आणि सगळे जण धाप लागण्याला 'वयाचा परिणाम' म्हणू लागतात.

धोका ॲस्बेस्टॉसपुरताच नाही. जुन्या रंगात शिसे असते. कापणीच्या ज्योतीने त्याची वाफ होते आणि ती श्वासावाटे रक्तात जाते. पोटात कळा, रक्तक्षय, हातांची शक्ती जाणे ही त्याची लक्षणे. तेलाच्या टाकीत उरलेला वायू ठिणगीने पेटतो. १ नोव्हेंबर २०१६ रोजी गडानी येथे एका तेलवाहू जहाजात असाच स्फोट होऊन किमान २६ कामगार मृत्युमुखी पडले. बंद कोठडीतील गंज हवेतील प्राणवायू शोषून घेतो आणि आत उतरलेला माणूस काही कळण्यापूर्वी कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. उंचावरून पडणे, सुटलेल्या पत्र्याखाली सापडणे हे तर नित्याचेच. सर्वोच्च न्यायालयासाठी २००६ मध्ये तयार झालेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात अलंगमधील प्राणघातक अपघातांचे प्रमाण दर हजार कामगारांमागे वर्षाला दोन असे दिले होते. खाणकामात तेच प्रमाण ०.३४ होते. त्याच अहवालात ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या ९४ कामगारांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांपैकी १५ चित्रांत ॲस्बेस्टोसिसशी जुळणाऱ्या खुणा आढळल्याची नोंद आहे. ही चित्रे काम चालू असलेल्या माणसांची होती. काम सोडून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंडमधील आपापल्या गावी परतलेल्यांची नव्हती.

ती कोणाकडेच नाहीत. तैवानमधील काओश्युंग हे बंदर १९७० आणि १९८० च्या दशकांत जहाजतोडणीचे जगातील सर्वांत मोठे केंद्र होते. तेथील कामगार संघटनेकडे कामगारांची नावनिशीवार यादी होती. त्या यादीच्या आधारे चार हजारांहून अधिक कामगारांचा पुढे दोन दशकांहून अधिक काळ मागोवा घेता आला आणि त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. यादी होती म्हणून आजार दिसला. आमच्या काकांचे नाव मात्र मुकादमाच्या वहीत होते आणि ती वही मुकादमाबरोबर गेली.

घरातील माणसे

काकांचे छातीचे सीटी स्कॅन एका सरकारी रुग्णालयात झाले. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी वण होते, आवरणावर चुन्याचे चट्टे होते. छातीविकारतज्ज्ञांनी ॲस्बेस्टोसिसच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. गाठ कोठेही नव्हती, एवढाच दिलासा.

पुढच्या भेटीत काकू सोबत आल्या. मी त्यांना विचारले, "काका कामावरून आल्यावर कपडे कोण धूत असे?" त्या हसल्या. "दुसरं कोण धुणार? आधी गॅलरीत झटकायचे, मग भिजवायचे. पांढरा भुगा निघायचा नुसता. हा तिथंच खेळत असायचा." 'हा' म्हणजे त्यांचा मुलगा. आज तो ४५ वर्षांचा आहे आणि दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढतो.

मी हा प्रश्न सहज विचारला नव्हता. १९६५ मध्ये लंडनमधील दोन संशोधकांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात काही रुग्ण असे निघाले, की त्यांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही ठेवले नव्हते. त्यांच्या घरातील कोणीतरी तेथे काम करत असे, आणि त्यातल्या काही स्त्रियांनी त्या माणसाचे कपडे धुतले होते. तेव्हा आपल्या घरातील आजी-आजोबांपैकी एकाने अशा ठिकाणी काम केले असेल, तर दुसऱ्याच्या छातीचाही विचार करावा.

काकूंचे आणि त्यांच्या मुलाचे क्ष-किरण चित्र निर्दोष आले. यावरून घाबरण्याचे कारण नाही, तसेच निर्धास्त होण्याचेही नाही. कपड्यांवरून घरात आलेली धूळ ही कामाच्या जागेवरील धुळीपेक्षा खूपच कमी असते आणि अशा बहुतेक कुटुंबीयांना आयुष्यात काहीही होत नाही. परंतु मुलाला मी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान यांचा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत एकत्र परिणाम नुसत्या बेरजेहून कितीतरी मोठा असतो. अमेरिकेतील उष्णतारोधक काम करणाऱ्या कामगारांच्या १९७९ मधील प्रसिद्ध अभ्यासात, केवळ ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्यांना धोका सुमारे पाचपट, केवळ धूम्रपान करणाऱ्यांना सुमारे दहापट, तर दोन्ही असलेल्यांना पन्नासपटींहून अधिक आढळला होता. लहानपणी गॅलरीत जे छातीत गेले, ते आता काढता येणार नाही. सिगारेट काढता येते. मेसोथेलिओमाचा धोका धूम्रपान सोडल्याने कमी होत नाही, हेही त्याला सांगितले, कारण अर्धवट माहिती देऊन माणसाचा विश्वास मिळवता येत नाही.

आपल्या घरात कोणाला हा प्रश्न विचारावा? जहाज तोडणारे, हे तर उघडच आहे. त्यांच्याखेरीज गोदीत जहाजदुरुस्ती करणारे, बॉयलरवर काम केलेले, वीजनिर्मिती केंद्रांत किंवा गिरण्यांच्या बॉयलर खात्यात नळ्यांना आवरण चढवणारे, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात राबलेले, आणि कोकणातून 'बोटीवर' गेलेले, विशेषतः इंजिनघरात खलाशी म्हणून उमेदीची वर्षे काढलेले पुष्कळ ज्येष्ठ. बोटीवरच्या माणसाचा सागवानी पेटारा आणि घड्याळ घरात जपून ठेवलेले असते; इंजिनघरातल्या नळ्यांची आठवण कोणी काढत नाही. अशी पार्श्वभूमी असून चालताना धाप वाढत चालली असेल, कोरडा खोकला हटत नसेल, बोटांची टोके फुगली असतील, छातीत एका बाजूला सतत दुखत असेल किंवा छातीत पुन्हा पुन्हा पाणी होत असेल, तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर कामाचा इतिहासही सांगा. डॉक्टर विचारतील, याची वाट पाहू नका. मी बारा वर्षे विचारले नव्हते.

निदान झाल्यावर

वण पुसणारे औषध नाही. हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे पंप उगाच ओढला?" त्यांचा प्रश्न योग्य होता. विडीचा परिणाम म्हणून थोडाफार श्वासनलिकांचा दोष त्यांच्यात होता, तेवढ्यापुरता पंप उपयोगी. बाकी मी दिलेल्या गोळ्यांपैकी काही अनावश्यक होत्या आणि त्या मी बंद केल्या. मी त्यांची क्षमा मागितली. "जाऊ द्या डॉक्टर," एवढेच ते म्हणाले.

औषध नसले, तरी करण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यातील बरेचसे घरच्या माणसांच्या हातात असते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. निबर फुप्फुसाला साधा जंतुसंसर्गही झेपत नाही. बोटाला लावायचे प्राणवायूमापक घरी असावे, पण त्याकडे तासातासाला पाहत बसू नये. बसल्या जागेबरोबरच थोडे चालल्यावर येणारा आकडा लिहून ठेवावा, तो डॉक्टरांच्या अधिक कामाचा असतो. घरी प्राणवायू यंत्र लागेल का, हे तज्ज्ञच ठरवतील.

धाप लागेल या भीतीने ज्येष्ठ चालणे सोडतात, चालणे सुटले की पायांचे स्नायू वाळतात आणि मग थोड्या श्रमानेही अधिक धाप लागते. म्हणून दररोज ठरलेल्या वेळी, दमछाक होण्याआधी थांबत, चालत राहावे. धाप लागली तर खुर्चीत बसून, पुढे वाकून, कोपर मांड्यांवर टेकवावेत. नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून तो सावकाश सोडावा. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्याने धापेची जाणीव कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे. पोट तुडुंब भरले की श्वासपटल वर ढकलले जाते, म्हणून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. आंघोळीला स्टूल द्यावे. उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा खकाणा यांपासून त्यांना दूर ठेवावे. काकूंनी या सगळ्यातली उदबत्तीची सूचना तेवढी अमान्य केली. तोडगा असा निघाला, की देवापुढे उदबत्ती गॅलरीत लागते आणि काका आतून नमस्कार करतात.

आपल्या घरावरील जुन्या सिमेंटच्या पत्र्यांविषयी अनेक वाचक विचारतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. आपल्या देशात त्यांचा वापर आजही चालू आहे. पत्रा अखंड असेल आणि त्याला हात लावला नाही, तर धोका कमी असतो. तो कोरडा घासणे, करवतीने कापणे, त्याला भोके पाडणे, तुटलेले तुकडे झाडूने लोटणे हे टाळावे. काढायचाच झाला तर पाण्याने भिजवून, न मोडता उतरवावा. जहाजांतून निघालेल्या सामानाबद्दलही हेच. भावनगरहून अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि आपल्या चोरबाजारातही जहाजांवरील कपाटे, आरसे, कंदील, भांडी स्वस्तात मिळतात. पितळी कंदील खुशाल घ्यावा. जहाजाच्या केबिनमधील भिंतींचे जुने फळे मात्र घरात बसवू नयेत, सुताराकडून कापून घेऊ नयेत. असे फळे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात आणि ते नुसते पाहून ओळखता येत नाही.

कागदाचा हक्क

ॲस्बेस्टोसिस हा कायद्याने मान्य केलेला, नुकसानभरपाईस पात्र असा व्यावसायिक आजार आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना असा आदेश दिला, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी. आपण अशा कारखान्यात काम केले असेल, तर ती नोंद मागणे हा आपला हक्क आहे. जुने हजेरीपत्रक, कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, खलाशांची सेवापुस्तिका, यांतले काहीही रद्दीत घालू नका. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्यांनी त्या रुग्णालयात व्यावसायिक आजाराची तपासणी मागावी. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही अर्ज करता येतो.

नियम बदलले आहेत, हे सांगायला हवे. १४ ऑक्टोबर २००३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने जहाजतोडणीवर बंधने घातली. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रणाचा कायदा केला, आणि २००९ मध्ये हाँगकाँगला मान्य झालेला आंतरराष्ट्रीय करार अखेर २६ जून २०२५ रोजी अमलात आला. तोडणीला येणाऱ्या जहाजावर कोणते घातक पदार्थ कोठे आहेत, याची यादी आता सोबत असावी लागते. अलंगमधील बऱ्याच प्लॉटवर पक्की जमीन आणि क्रेन आल्या आहेत. ॲस्बेस्टॉस काढण्यासाठी बंदिस्त खोल्या आल्या आहेत. जहाज किनाऱ्यावर घालून तोडण्याची पद्धत मात्र या कराराने बंद केलेली नाही. नव्या जहाजांत ॲस्बेस्टॉस वापरण्यास पूर्ण बंदी आली ती २०११ पासून. जहाजाचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे धरले, तर जुनी जहाजे आणखी बरीच वर्षे येत राहणार, आणि आज त्यांवर चढणाऱ्या तरुणांचा आजार कोणा डॉक्टरसमोर येईल तो २०५० नंतर. त्या तरुणांची नावे आज कोठे लिहिली जात आहेत, हे मला कोणी सांगितले तर मी तेथे जाऊन पाहीन.

काकांच्या भरपाईचा अर्ज पुढे सरकला नाही. ते दारूखान्यात होते, हे दाखवणारा एकही कागद त्यांच्याकडे नाही. तरीही मी त्यांच्या नातीला एक काम सांगितले. आजोबांजवळ रोज अर्धा तास बसायचे आणि त्यांना आठवेल तसे लिहून घ्यायचे : कोणत्या साली कामाला लागले, कोणता मुकादम, बरोबर कोण होते, कोणत्या बोटी तोडल्या, कोणत्या भागात काम केले. महिन्याभराने ती रेघांच्या वहीची अकरा पाने घेऊन आली. त्यांत नऊ बोटींची नावे होती, काही अर्धवट, काही बहुधा चुकीच्या उच्चाराची. बरोबरीच्या सहा माणसांची नावे होती. चार वारले आहेत, काकांच्या म्हणण्याप्रमाणे चौघांनाही 'दमा' होता. पाचवे राजापूरकडे गावी असतात. सहावे माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि तेही माझेच रुग्ण आहेत. मी त्यांचा केसपेपर काढला. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले होते, ते आपण ओळखले असेल. येत्या सोमवारी ते तपासणीला येणार आहेत.